शंभर मीटरवरची बशी

मनामा, बहारीन
शनिवार, दुपारची चहाची वेळ

तीर्थस्वरूप दाजी यांच्या पायांशी (ज्या गुडघ्यात पाणी झालंय तो सोडून दुसऱ्या पायाशी) तुमचा एकुलता एक मेव्हणा सदानंद याचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? अक्काचा आवाज फोनवर खणखणीत येतो. त्यावरून तिची तब्येत उत्तम आणि त्यामुळे तुमची बेताची असावी, असा अंदाज आहे. चि. स्पृहाच्या लग्नाची घाई उडाली असेल. मांडववाला ठरला का? आचारी बदला एवढं मात्र सांगतो, तुमच्या साठीला त्याने केलेल्या मठ्ठ्याची चव अजून माझ्या जिभेवर आहे. इकडे सौ. विशाखा बरी आहे, मीही बरा आहे, आणि थंडी सुरू झाली आहे, म्हणजे एसी बंद केला तरी माणूस जिवंत राहतो.

हा माणूस फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. दाजी, तुमचा फोन अक्काच्या हातात असतो. तुमच्या हातात आलाच तर तुम्ही तो स्पीकरवर टाकून बोलता, आणि मग आपलं खाजगी बोलणं गोठ्यातल्या म्हशीलाही पाठ होतं. लग्नाच्या ग्रुपवर तर सगळं गणगोत जागं असतं. म्हणून हे पत्र आमच्या बिल्डिंगमधल्या गौरवबरोबर पाठवतोय. तो रजेवर इस्लामपूरला निघालाय. दाजींच्याच हातात दे, आणि अक्का चहा टाकायला आत गेली की मगच दे, असं त्याला बजावलंय. तर आता चहा यायच्या आत वाचून घ्या.

मुख्य विषय म्हणजे तुमचा तो निरोप. ‘सदाला रजा मिळाली तर आनंदच आहे, न मिळाल्यास मामा म्हणून विनीतला उभा करू.’ दाजी, हे वाचून मला जेवण गेलं नाही. (संध्याकाळी गेलं, पण दुपारी खरंच नाही.) विनीत अक्काचा चुलत भाऊ आहे, मान्य. तो पुण्यात आहे, त्याला सुट्टी कधीही मिळते, तेही मान्य. पण भटजी ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं’ म्हणतील, आणि माझ्या स्पृहाचा हात धरून तो गॉगल लावलेला माणूस बोहल्याकडे चालू लागेल? ज्या पोरीला मी खांद्यावरून अख्खं गाव फिरवलं, तिला? तुम्ही भूमितीचे मास्तर होता, तुम्हाला कुठलाही कोन दुसऱ्या कोनाच्या जागी ठेवता येत असेल. मामाचं तसं नसतं. ही रजा मिळवण्यासाठी मी काय काय केलं ते आता सविस्तर ऐका.

आमचं वर्कशॉप मीना सलमानला आहे, म्हणजे ते हुसेनचं आहे आणि मी त्यात आहे. समुद्रात बुड्या मारणाऱ्यांच्या आणि आग विझवणाऱ्यांच्या पाठीवरचे सिलिंडर आम्ही भरतो, त्यांचे हवेचा दाब आवरणारे रेग्युलेटर दुरुस्त करतो. रजेचा अर्ज घेऊन मी हुसेनच्या केबिनमध्ये गेलो, तर टेबलावर एक लांबलचक पेटी. त्याने ती नव्या नवरीचा घुंगट उचलावा तशी उघडली. आत बंदूक. काळी नळी, लाकडी दस्ता, आणि नळीचं तोंड एवढं की माझी करंगळी आत जावी. ही म्हणे हवेची बंदूक. आता हवेची बंदूक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? जत्रेतली फुगे फोडायची. (तुम्ही एकदा स्पृहासाठी फुगा फोडला होतात, तीच.) मी तसं बोलून गेलो आणि हुसेनचा चेहरा उतरला. कारण नेमकं हेच त्याला त्याचा मेव्हणा जासिम रोज ऐकवत होता.

मेव्हणा हा प्राणी सगळ्या देशांत सारखाच असतो, हे मी तुम्हाला काय सांगावं! ह्या जासिमकडे दारूगोळ्याची खरीखुरी रायफल आहे. जानेवारीत दोघांनी आफ्रिकेत जायचं, तिथला रीतसर परवाना काढून हरणाच्या जातीच्या कुठल्याशा दांडग्या जनावराची शिकार करायची, असा बेत. हुसेनने हौसेने ही हवेची तोफ घेतली, कागदपत्रं चोख केली, आणि नेमबाजीच्या रेंजवर पहिल्याच दिवशी पाच गोळ्या पाच दिशांना घालवल्या. जासिमने ती गोष्ट त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीत, गहवा (त्यांची बिनदुधाची कॉफी) पीत पीत सगळ्यांना सांगितली. वर अट घातली, की शंभर मीटरवर चहाच्या बशीएवढ्या वर्तुळात पाच गोळ्या बसव, तरच तुला बरोबर नेतो, उगाच जनावर जखमी करून पळवायला मला माणूस नको. (ह्यात त्याचं म्हणणं बरोबर होतं. मेव्हण्यांचं बरेचदा असतं.) तर हुसेनने माझा अर्ज वाचला, घडी करून पेटीत बंदुकीशेजारी ठेवला आणि म्हणाला, ‘‘बंदूक ठीक, छुट्टी ठीक. इंशाल्ला.’’ ह्या इंशाल्लाचं वजन बोलणाऱ्याच्या भुवयांवरून ओळखायचं असतं. हुसेनने तेव्हा नेमका काळा चष्मा घातला होता.

मला बंदुकीतलं काय कळतं, असा प्रश्न हुसेनलाही पडला. मी म्हटलं, मला हवेतलं कळतं, आणि बंदुकीतलं कळणारे एक बुजुर्ग शिकारी माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना फोनवर विचारून करीन. (कोण ते पुढे येईल. घाई करू नका, तुम्हाला बीपी आहे.) त्या दिवसापासून हुसेन त्यांना ‘उस्ताद’ म्हणायला लागला, आणि मी कुठलाही स्क्रू फिरवला की विचारायचा, ‘‘उस्ताद क्या बोला?’’

आता थोडं शास्त्र. तुम्हाला आवडेल. ह्या बंदुकीच्या पोटात हवेची टाकी असते. घोडा ओढला की आतली हातोडी झडपेवर आदळते, झडप क्षणभर उघडते आणि हवा गोळीच्या पाठीत धपाटा घालते. हुसेनने जास्त हवा म्हणजे जास्त ताकद असं समजून टाकी तट्ट फुगवली होती. पण आतला दाब फार झाला की झडप पुरती उघडतच नाही. मग पहिली गोळी आळसावलेली जाते, तिसरी चवताळून जाते आणि पाचवी दमून वाटेत बसते. खरी मेख ही, की धपाटा किती मोठा ह्याला महत्त्व नाही, प्रत्येकीला सारखा बसला पाहिजे. (हे तुम्ही वर्गात कटाक्षाने पाळत होता.) मी रेग्युलेटर उतरवून दाब खाली आणला, हातोडीची स्प्रिंग चिमूट-चिमूट सैल करत वेग मोजायच्या यंत्रावर गोळ्या सोडल्या, सोनाराच्या काट्यावर एकेक गोळी तोलून हलक्या-जड वेगळ्या केल्या. त्यातही नळीच्या आवडीनिवडी असतात. जड गोळी तिला मानवली नाही, हलकी आवडली नाही, मधली मात्र तिने गोड मानून घेतली. शेवटची गोष्ट सगळ्यात नाजूक. नळी दस्त्याला कुठेही टेकता कामा नये. दोघांमध्ये अशी फट हवी की कागदाचा कपटा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर सरकला पाहिजे. नळी टेकली की गोळी सुटताना ती थरथरते वाकडी, आणि हातातला केसभर फरक शंभर मीटरवर वीतभर होतो. आमच्या वकारने (टर्नर, सियालकोटचा, बंदुकीला पहिल्या दिवसापासून ‘तोप’ म्हणतो) दस्ता आतून घासून दिला. बंदुकीवरच्या दुर्बिणीला नेम जुळवायच्या चकत्या असतात, त्यांवर मी विशाखाच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले, म्हणजे जागा हलली तर कळावी. रेंजवर नेली. पाच गोळ्या, एकच भोकसं, बशी कसली, चुन्याच्या डबीनेही झाकलं असतं! हुसेनने माझ्या खांद्यावर थाप मारली. मी मनातल्या मनात फेटा बांधला.

आणि मग आली खंडेनवमी.

दाजी, मी इथे आल्यापासून एक वर्ष चुकवलेलं नाही. पाने, पक्कड, प्रेशरचे काटे, सगळं धुऊनपुसून बाकावर मांडतो, हळद-कुंकू वाहतो, नारळ फोडतो, वकार खोबऱ्याला पहिला हात घालतो. यंदा तर वर्कशॉपात साक्षात शस्त्र होतं. बंदूक असताना पान्यांची पूजा करायची म्हणजे नवरदेव बाजूला ठेवून करवल्याला ओवाळण्यासारखं झालं असतं. विशाखा मुद्दाम आली. ताम्हन, निरांजन, फुलं, सगळं आणलं, अक्षता मात्र घरी राहिल्या. पण तिच्या पर्समध्ये तुमच्या आमंत्रणाची पुडी होती. (गौरवच्या बायकोने आदल्याच आठवड्यात आणून दिली होती. पहिली अक्षत देवाला, दुसरी मामाला, हा मान तुम्ही राखलात, त्याबद्दल विनीतचं पाप अर्धं माफ.) शुभकार्याच्या अक्षता, त्याहून चांगल्या कुठल्या, म्हणून तिने त्याच बंदुकीवर मूठभर वाहिल्या. मी हात जोडून डोळे मिटले होते. स्पृहाचं लग्न निर्विघ्न होऊ दे आणि मला त्यात उभा राहू दे, एवढंच मागत होतो. डोळे उघडून मी वरवरचं कुंकू फडक्याने पुसलं आणि बंदूक पेटीत ठेवली.

त्यानंतर त्या बंदुकीला काय झालं ते कळेना. पुढच्या शुक्रवारी गोळ्या डावीकडे. त्याच्या पुढच्या शुक्रवारी डावीकडे आणि खाली. मी वाऱ्याला दोष दिला. मग दमट हवेला दिला, टाकीतली हवा सुकवायची गाळणी बदलली. मग गोळ्यांना, मग दुर्बिणीला. मग हुसेनच्या श्वासाला, तो बिचारा घोडा ओढताना इतका वेळ श्वास रोखायला लागला की वकार त्याच्या पाठीवर हात फिरवायचा. स्प्रिंग पुन्हा आवळली, चकत्या ठिपक्यांवरून हलवल्या, परत आणल्या, परत हलवल्या. जे बरोबर होतं ते मी रोज थोडं थोडं बिघडवत होतो, कारण चुकीचं कुठे आहे ते दिसत नव्हतं. हुसेन विचारायचा, ‘‘उस्ताद क्या बोला?’’ उस्ताद काय बोलणार! उस्तादांना पत्ताच नव्हता. घरी विशाखाने माझी बॅग भरायला घेतली होती, ती निम्मी भरून तशीच भिंतीला टेकून ठेवली. तुमचा विनीतचा निरोप आला तो ह्याच सुमारास. खोटं कशाला सांगू, दाजी, त्या निम्म्या बॅगेकडे बघवत नव्हतं.

कालचा शुक्रवार हा जासिमने नेमलेला दिवस. तो पांढराशुभ्र थोब, म्हणजे त्यांचा पायघोळ अंगरखा, घालून, गहव्याचा थर्मास घेऊन, मजलिसमधले दोन म्हातारे साक्षीला घेऊन आला. हुसेनने बिस्मिल्ला म्हणून पहिली गोळी सोडली, ती बशीच्या बाहेर. दुसरी त्याच्या बाहेर. तिसरी शेजारच्या माणसाच्या कागदावर, अगदी मधोमध. तो माणूस उठून हुसेनचे आभार मानून गेला. जासिमने फक्त थर्मास उघडला. मग म्हणाला, बघू तरी तुझं खेळणं. रिकामी झाल्याची खात्री करून त्याने बंदूक हातात घेतली, उलटी केली, जरा झटकली, आणि त्याच्या पांढऱ्या थोबावर छातीपासून पोटापर्यंत लाल दाणे ओघळले. तो ओरडला, ‘‘दम!’’ म्हणजे रक्त. म्हातारे उठून उभे राहिले. हुसेनने एक दाणा चिमटीत धरून उन्हात पाहिला आणि मला विचारलं, ‘‘सदा, ये चावल है?’’

तांदूळच होते. अक्काच्या अक्षता. दाजी, तुमची बायको अक्षतांना तूप किती चोळते! कुंकू चांगलं धरतं म्हणे. कुंकू धरतंच, पण ते दाणे नळी आणि दस्ता यांच्या फटीत असे काही धरून बसले की पाचर मारावी. ज्या फटीतून मी कागद सरकवून बघत होतो, तीत पूजेनंतर एकदाही कागद सरकवला नाही, कारण ते तर आधीच झालं होतं ना! हुसेनने विचारलं, ‘‘ये भी उस्ताद बोला?’’ मी मान हलवली. कशी हलवली ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मग मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या अरबीत मी सगळं सांगितलं. हे तांदूळ लग्नाचे, लग्न माझ्या बहिणीच्या मुलीचं, आणि आमच्यात मुलीला मंडपात मामाच आणतो. तो नसला तर मुलगी अडत नाही, दुसरा कुणी आणतो, पण मामा जन्मभर अडून राहतो. अर्जात मी फक्त ‘फॅमिली फंक्शन’ लिहिलं होतं, त्यामुळे हुसेनला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण आधी बोलला तो जासिम, छातीवरचं कुंकू तसंच ठेवून. ‘‘इंता खाल?’’ तू मामा आहेस? हो म्हटलं. तो हुसेनकडे वळला आणि त्याच्यावर असा काही बरसला की थर्मास लवंडला. मला एकच वाक्य कळलं, ते त्याने दोनदा म्हटलं आणि म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. ‘‘अल-खाल वालिद.’’ मामा म्हणजे बापच. हुसेनच्या पोरांचा मामा तोच आहे, आणि त्याने त्यांच्यासाठी काय काय केलं ह्याचा पाढाही बहुधा त्यात होता. दाजी, परक्या मुलखात एका परक्या मेव्हण्याने माझी बाजू अशी मांडली, की तिथेच त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, थोब आधीच खराब झाला होता.

हुसेन म्हणाला, आधी बंदूक. मी कागदाचा कपटा घातला, अडला. चिंधीने एकेक दाणा काढला (ते टाकले नाहीत, रुमालात बांधून खिशात ठेवलेत), स्प्रिंग जागेवर आणली, चकत्या नेलपॉलिशच्या ठिपक्यांवर आणल्या, सिलिंडरमधून हवा भरली. हुसेन पुन्हा आडवा झाला. चार गोळ्या बशीत. पाचवी काठावर. ती हुसेनच्या मते आत, जासिमच्या मते बाहेर, म्हाताऱ्यांमध्ये फूट पडलेली, आणि हा वाद पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरेल. पण हुसेनने पेटीतून माझा अर्ज काढला आणि बंदुकीच्याच दस्त्यावर ठेवून सही केली. ‘‘खलास. यल्ला, जाओ.’’ ह्या वेळी चष्मा नव्हता. भुवया मी नीट पाहिल्या.

तेव्हा दाजी, मी येतोय. स्पृहाला सांगा, मामा येतोय. विनीतला सांगा, त्याने यावं, जेवावं, फोटोत मागच्या रांगेत उभं राहावं. अक्काला दंडवत, म्हशीच्या पाठीवर थाप. गुडघ्याला तीळतेल लावत जा, लग्नात उभं राहायचंय.

तुमच्या घरचा हक्काचा मामा,
सदानंद

ता. क. : अक्षता राहिल्या असतील तर अजून एक पुडी इकडे पाठवा. दोघांना आमंत्रण द्यायचंय. तूप बेताने.

ता. ता. क. : ते दोघे म्हणजे हुसेन आणि जासिम. तिकिटं काढली त्यांनी. राहायला वरची खोली द्या. ते लग्नाला येताहेतच, पण खरं म्हणजे उस्तादांना भेटायला येताहेत. दाजी, आता बसून घ्या. उस्ताद म्हणजे तुम्ही. त्या वेळी मला दुसरं नाव सुचलं नाही. सुरुवातीला मी फक्त फुग्याचं सांगितलं होतं, पण हुसेनने ‘और?’ म्हटलं की माणूस पुढे बोलत जातो. आजमितीला तुमच्या नावावर तीन रानडुकरं आणि एक बिबट्या आहे. शिकारबंदीचा कायदा आल्यापासून तुम्ही बंदूक खाली ठेवलीत, असंही सांगितलंय, त्याने तुमच्याबद्दलचा आदर दुणावला. तांदळाबद्दल विचारलं तेव्हाची माझी मान, आता कबूल करतो, होकारार्थी हलली होती. तर मिशा वाढवा, कमी बोला, आणि भिंतीवर पाल दिसली तरी ते असेपर्यंत खुर्चीवर चढू नका.

शेवटचा ता. क. : लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आपली जत्रा आहे, हेही मी बोलून बसलोय. त्यांना तुमचा नेम तिथे पाहायचाय. रागावू नका, आधी ऐका. तो फुगा तुमच्या छऱ्याने फुटला नव्हता. तुमचे चार छरे वाया गेले होते, स्पृहाचा खालचा ओठ बाहेर आला होता, मला बघवेना. म्हणून मी फळीच्या मागे जाऊन, अक्काच्या पदराची पिन घेऊन उभा राहिलो. (तुमचा नेम पाहता फुग्याच्या मागची जागा ही त्या दिवशी जत्रेतली सगळ्यात सुरक्षित जागा होती.) आवाज आधी झाला आणि फुगा जरा मागाहून फुटला, ते तुमच्या लक्षात आलं नाही. पोरगी तेव्हापासून जगाला सांगत आलीये, की माझ्या बाबांचा नेम चुकत नाही. मी आजवर एका शब्दाने बोललो नाही, आणि बोहल्याकडे नेताना तिच्या कानातही सांगणार नाही. तुम्ही फक्त जत्रेत ताठ उभे राहा आणि घोडा ओढा. फळीच्या मागे मी आहेच. अक्काकडून पिन तेवढी मागून ठेवा.